डावीकडची खिडकी

स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरलाय.
वेस्का वरच्या कोपऱ्यात, मिठाच्या बरणीखाली,
वलेन्सिया कडेवरून खाली लोंबतंय,
आणि मधे ब्राउलिओच्या कपानं उमटवलेलं
कॉफीचं वर्तुळ, त्यात तेरुएल अख्खं मावतं.

नऊ दिवस. चार शहरं.
आई, मी आणि आईचा गुडघा.

ब्राउलिओ म्हणतो, सरळ गाडी भाड्यानं घे,
कुठे त्या बस-रेल्वेच्या भानगडीत पडतेस!
भावाला काय जातंय सांगायला.
गाडी जिथून उचलली तिथेच परत द्यायची,
दुसऱ्या शहरात सोडली तर वर दंडासारखे पैसे;
बारीक अक्षरांत लिहिलंय, मी चष्मा लावून वाचलं.
क्वेन्काचं नवं स्टेशन गावाबाहेर, माळावर:
गाडी वेगवान झाली आणि गाव लांब गेलं.
तिथून बस. बस चुकली तर टॅक्सी.
आल्बाराथिनला तर रूळच नाहीत,
आणि बसची वेळ फोनवरची बाई
दर खेपेला वेगळी सांगते.

वहीत पेन्सिलनं लिहिते, खोडते.
बुधवार खोडून खोडून कागद पातळ झालाय,
पलीकडचा गुरुवार दिसतो.

आई शेंगा सोलतेय.
एवढ्या देवळांची नावं वाचून दाखवली,
मनोरे, पूल, म्युझियम,
ती फक्त म्हणाली,
"ती गाडी वेंतिल्यासवरून जाते का?"

वेंतिल्यास म्हणजे गाव नव्हे.
एक फाटक, एक खोली, एक विहीर.
आजी तिथली फाटकवाली.
गुंडाळलेलं निशाण धरून उभी राहायची: जा, वाट मोकळी आहे.
आई तिच्या झग्याला धरून, हात हलवत.
वलेन्सियाकडून येणाऱ्या गाडीतून कुणी कधी संत्रं फेकायचं.
एकदा एक हातमोजा पडला, एकच;
तो कित्येक हिवाळे वाट बघत खुंटीला होता.

मी लगेच हिशोब मांडला.
गाडी आता तिथे थांबत नाही.
बस फक्त मंगळवारी, तीही वळणापर्यंत.
म्हणजे तेरुएलला कार घ्यायची, आईला थेट दारात उतरवायचं.
एवढं जमवलं म्हणून मी स्वतःवरच खूश.

"उतरायचं कुणाला आहे?" आई म्हणाली.
शेंग हातात तशीच.
"उतरून काय बघू? उतरलेलीच होते की जन्मभर.
आम्ही तिथून निघालो तेही ट्रकनं, गाद्यांवर बसून.
मला गाडीत बसायचंय.
आतून आम्ही कसे दिसत होतो, तेवढं बघायचंय."

मग मी पुन्हा सगळं खोडलं.

तेरुएलहून सकाळची संथ गाडी.
तिकिटावर आसनाचा नंबर असतो, बाजू नसते.
आईला विचारलं, घर कुठल्या हाताला?
तिनं डोळे मिटले.
"सकाळचं ऊन चुलीवर पडायचं."
म्हणजे पूर्वेला. म्हणजे वलेन्सियाकडे तोंड केलं की
डावीकडे.
डावीकडची खिडकी, असं मी वहीत दोनदा लिहिलं.

रात्री आई झोपल्यावर ब्राउलिओला फोन केला.
म्हटलं, एक दिवस ये. तिच्या शेजारी बस.
गप्पा मारू नकोस, फक्त बस.
तो म्हणाला, आणि तू?

मी तेरुएलला कार घेईन.
परत तिथेच द्यायचीय, देईन, तो प्रश्नच नाही.
तुम्हाला फलाटावर सोडून लगेच निघाले
तर रस्ता रुळांच्या बाजूबाजूनंच जातो,
गाडी संथ आहे, माझ्या हाताशी नऊ मिनिटं उरतात.
फाटक आता नसेल. विहीर बुजवली असेल.
ऊन कुठून येतं ते बघून मी उभी राहीन.

ब्राउलिओ बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, तिला सांगू नकोस.
सांगते कशाला.

वहीच्या शेवटच्या पानावर, अगदी बारीक,
तिला चष्म्यानंही वाचता येऊ नये असं लिहून ठेवलंय:
हलवायला रुमाल घेणे. मोठा.
कुठलाही चालेल,
लाल नको.